पुढची तीस वर्षं राहायचं घर: आत्ता काय करून घ्यायचं, काय सोडून द्यायचं?

सावली_अ

घर स्वतःचं आहे, जुनं आहे, खाली एक आणि वर एक मजला. मी आणि नवरा पन्नाशीला टेकलोय. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, गुडघ्यांनी बेजार पण बाकी ठणठणीत (त्या हा धागा वाचणार आहेत, नमस्कार आई). मुलगी शिकायला बाहेर आहे. ती परत येऊन इथेच राहील असं आम्ही धरून चाललेलो नाही.

वरच्या बाथरूमची ओल खालच्या छतात उतरली आहे, म्हणजे घराला हात लावायचाच आहे. उकरतोच आहोत तर एकदाच नीट करावं, कारण हा धुरळा दुसऱ्यांदा सोसायची तयारी नाही. पुढची तीस वर्षं इथेच काढायची असं ठरलंय.

वाद इथे आहे: मी म्हणते, झोपायची खोली आणि पूर्ण बाथरूम खाली हवं. नवरा म्हणतो, वरची खोली हवेशीर आहे, म्हातारे झालो की बघू. तर सांगा, कुठल्या गोष्टी नंतर करताच येत नाहीत? कुठल्या लोक उगाच करून ठेवतात? आणि सगळं पाडून नवीन बांधावं का? नुसतं 'पाडा' किंवा 'पाडू नका' लिहू नका, कारणही लिहा.

भिंगरी

वाचतेय. आमच्याकडे हाच वाद आहे, फक्त बाजू उलट.

टवाळखोर

पाडा.
कारण: मला पाडकाम बघायला आवडतं.

ओळंबा

बांधकामातला माणूस आहे, जरा लांबण लावतो.

पाडायचं की नाही हे आवडीवर ठरत नाही, सळईवर ठरतं. काँक्रीट अल्कधर्मी असतं तोवर आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि ती अल्कता संपवतो. ते सळईपर्यंत पोचलं आणि जोडीला ओल असली की सळई गंजून फुगते आणि स्लॅबच्या तळाच्या ढलप्या पडायला लागतात. तुमच्या छताचे नुसते रंगाचे पोपडे निघताहेत की सळई दिसायला लागली आहे, हे आधी बघा. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या, ठेकेदाराकडून नको. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन मारलं की चांगला भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला, म्हणजे अल्कता संपलेला भाग तसाच राहतो. गुलाबी रंग पृष्ठभागापासून किती आत सुरू होतो आणि सळई किती आत आहे, हे दोन आकडे समोर उभं राहून मोजून घ्या. तुम्हालाही कळेल इतकं ते सोपं आहे.

सांगाडा धड निघाला तर पाडू नका. मग पुढची चाळणी लावा. जॉन हाब्राकन या डच वास्तुविशारदाने १९६१ मध्ये मांडलं होतं की इमारतीचा सांगाडा वेगळा धरावा आणि आतलं भरण वेगळं. सांगाडा पिढ्यान्‌पिढ्यांचा, भरण राहणाऱ्याच्या मर्जीचं. तुमच्या कामात सांगाड्यात येतात त्या गोष्टी म्हणजे जमिनीच्या पातळ्या, दारांची रुंदी, जिना, स्लॅबमधली भोकं आणि सांडपाण्याच्या नळांचा उतार. कपाटं, नळ, ओट्यावरचा दगड, रंग हे सगळं भरण. लोक बरोब्बर उलटं करतात. ओट्याच्या रंगावर महिनाभर चर्चा आणि बाथरूमचं दार किती रुंद हे मिस्त्री ठरवतो!

जुनेजाणते

मी तुमच्या सासूबाईंच्या वयोगटातला. रोज जिना चढतो-उतरतो म्हणूनच पाय चालताहेत असं माझं ठाम मत आहे. घरात सगळं हाताशी आणून ठेवलं की माणूस खुर्चीला खिळतो. आजारपणाची तालीम आतापासून कशाला?

टवाळखोर

काकांना अनुमोदन. माझ्या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा वरच्या मजल्यावर ठेवलाय.

चालता_बोलता

जुनेजाणते काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तुमचं अर्धं पटलं. जिना चढणं हा उत्तम व्यायाम आहेच. पण व्यायाम आपण आपल्या वेळेला करतो. रात्री झोपेत उठून लघवीला जाताना जिना उतरणं हा व्यायाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे.

आणखी एक. माझ्याकडे येणारे सगळे म्हातारे नसतात. घोट्याचं हाड मोडलेला पस्तिशीतला माणूस सहा आठवडे पाय टेकवू शकत नाही. बाळंतपणात टाके पडलेल्या बाईला जिना नको असतो. खाली एक खोली आणि बाथरूम असेल तर अशा वेळी घर थांबत नाही. त्याकडे फक्त म्हातारपणाची सोय म्हणून बघितलं की घरातले सगळे नाक मुरडतात.

जुनेजाणते

रात्रीचा मुद्दा मान्य. बाकीचा जिना माझाच.

ओळंबा

जिन्याचा विषय निघालाच आहे तर दुरुस्तीच्या कामात हमखास होणारा एक घोळ सांगतो. जुन्या लादीवर नवी लादी बसवतात. खालच्या मजल्याची पातळी चार-पाच सेंटिमीटर वर येते. जिना आहे तसाच राहतो. मग पहिली पायरी बारा सेंटिमीटर उंच आणि बाकीच्या सतराच्या. वरच्या मजल्यावरही लादी चढवली तर शेवटची पायरी बावीसची. पाय दोन पायऱ्यांत ठेका पकडतो आणि पुढे बघत नाही, त्यामुळे एखादी पायरी वेगळी निघाली की तोल गेलाच. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असणं हे उंची दोन सेंटिमीटर कमी-जास्त असण्यापेक्षा महत्त्वाचं.

जिना नवा करणार असाल तर सतराव्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लाँडेल या फ्रेंच माणसाचा हिशेब आजही चालतो: दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी म्हणजे साधारण एक पाऊल, ६० ते ६४ सेंटिमीटर. १६ उंच आणि ३० रुंद घेतली तर ६२. असा जिना सत्तरीतही चढवतो. आणि कठडा दोन्ही बाजूंना हवा. ज्या हातात जोर आहे तो हात चढताना एका बाजूला असतो, उतरताना दुसऱ्या.

भिंगरी

तुमचा प्रतिसाद वाचून पट्टी घेऊन जिना मोजला. पहिली पायरी वेगळी निघाली. चांगलं चाललं होतं हो माझं.

वरचा_मजला

नमस्कार. मी धाग्यातला 'नवरा'. बायकोने लिंक पाठवली, म्हणून आयडी काढला. दुसरी बाजू कोणीच मांडत नाहीये.

वरच्या खोलीला दोन बाजूंनी खिडक्या आहेत. खाली झोपायचं तर रस्त्याचा आवाज, समोरच्या गाड्यांचे दिवे, खिडकी उघडी ठेवायची चोरी. पुढची वीस वर्षं माझे गुडघे चालतील असं धरायला काय हरकत आहे? एकविसाव्या वर्षाच्या भीतीने वीस वर्षं वाईट झोप का घ्यायची? दुसरं म्हणजे दवाखान्यासारखं घर मला नको. ते स्टीलचे दांडे, ती पांढरी खुर्ची... पाहुणे आले की तब्येतीची चौकशी सुरू.

टवाळखोर

आयडी दणदणीत आहे. आता सासूबाईंनी 'तळमजला' घ्यावा.

नदीकाठ

वरचा_मजला, तुमची झोपेची बाजू मला पटते. माझी आई स्मृतिभ्रंशाने आजारी होती आणि तिच्यासाठी घर बदलताना शिकलेलं हे, की माणूस कशाने थकेल ते आधी सांगता येत नाही. आम्ही सगळे गुडघ्यांची काळजी करत होतो. आईचे गुडघे शेवटपर्यंत शाबूत होते. तिला त्रास झाला तो दिसण्याचा. दारात गडद रंगाचं पायपुसणं होतं, ती त्यापुढे थबकायची. तिला ते खड्डा वाटायचं. तकतकीत फरशीवर उन्हाची तिरीप पडली की ओलं आहे म्हणून भिंतीच्या कडेने जायची. पांढऱ्या बाथरूममध्ये पांढरा कमोड तिला सापडायचा नाही. सीट गडद निळी बसवली आणि तो प्रश्न त्याच दिवशी सुटला.

यातलं काहीच भिंतीत गाडावं लागलं नाही. म्हणून मी म्हणेन, फरशी चकचकीत नसलेली आणि एकाच रंगाची घ्या, खोली बदलली म्हणून रंग बदलू नका. बाकीचं वेळ येईल तसं.

सुरवंट

मी चाकाच्या खुर्चीतून लिहितोय, लहानपणापासून. दोन गोष्टी.

एक, 'दवाखान्यासारखं' याबद्दल. सर्वांसाठीच्या रचनेचा, म्हणजे युनिव्हर्सल डिझाइनचा विचार ज्याने रुजवला तो रोनाल्ड मेस हा अमेरिकन वास्तुविशारद स्वतः पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत होता. त्याचं म्हणणंच हे की अपंगांसाठी वेगळं काही चिकटवू नका, मूळ वस्तूच अशी करा की सगळ्यांना वापरता येईल. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात त्याच्यासोबतच्या गटाने त्याची सात तत्त्वं मांडली. गोल मुठीऐवजी खाली दाबायची लांब मूठ घ्या: मला सोपी, संधिवात झालेल्या आईला सोपी, दोन्ही हातांत सामान असलेल्या तुम्हालाही सोपी, कोपराने उघडते. कुठे दिसला दवाखाना?

दोन, दारं. सगळे म्हणतात 'खुर्ची ६५ सेंटिमीटरची, दार ७५चं, जाईल की.' खुर्ची जाते हो, बोटांची सालं जातात. चाक फिरवणारे हात खुर्चीच्या बाहेर असतात. मोकळी जागा निदान ८१ सेंटिमीटर लागते, आणि ती चौकटीच्या आत, दार उघडल्यावर उरते ती मोजायची. म्हणजे पल्ला ९० सेंटिमीटरचा. त्यात समोर वळायला १५० सेंटिमीटरचं वर्तुळ मिळालं तर सोन्याहून पिवळं.

वरचा_मजला

@सुरवंट, मुठीचं पटलं. 'दवाखाना' शब्द मागे घेतो.

कौलारू

अवांतर होईल, पण रेम कूलहास या डच वास्तुविशारदाने १९९८ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ एक घर बांधलं. घरमालक अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत. त्याने सांगितलं, मला सोपं घर नको, गुंतागुंतीचं हवं, कारण यापुढे माझं जग हेच असणार. मग तीन मजली घराच्या मधोमध एक उघडी खोलीच वर-खाली जाते, लिफ्टसारखी. ती ज्या मजल्यावर थांबेल त्या मजल्याचा भाग होते. बाजूला सगळ्या मजल्यांतून जाणारी पुस्तकांची भिंत.

सुरवंट

माहीत आहे. अप्रतिम आहे. माझा एकच प्रश्न: वीज गेल्यावर तो कुठल्या मजल्यावर असायचा?

टवाळखोर

ज्या मजल्यावर पुस्तक अर्धं राहिलं असेल त्या.

दुपारचा_पाऊस

लिफ्टचा विषय काढलाच आहे तर विचारते. नंतर लिफ्ट बसवायची झाली तर आत्ता काय करून ठेवावं? आमचंही घर दोन मजली आहे आणि बांधकाम लवकरच सुरू होतंय.

ओळंबा

@दुपारचा_पाऊस, नवीन बांधताय तर फारच सोपं. दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक येतील अशी दीड बाय दीड मीटरची दोन कोठारं ठेवा. मधल्या स्लॅबमध्ये तेवढं भोक आत्ताच सोडा, भोवती तुळया फिरवून घ्या, आणि ते भोक लोखंडी चौकटीवर लाकडी तक्तपोशी टाकून झाका. उद्या लिफ्ट हवी झाली की तक्तपोशी काढायची. नाही हवी झाली तर कोठारं आहेतच, ती कधी कोणाला जास्त झालीत? खाली थोडा खड्डा आणि वर पुरेशी उंची लागते, ती बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलते, म्हणून दोन-तीन कंपन्यांची मापं मागवून सगळ्यांत मोठी धरा. त्या जागेपर्यंत विजेची रिकामी नळीही टाकून ठेवा.

तयार स्लॅब नंतर कापायचा म्हणजे सळया कापायच्या, आणि मग खालून आधार देत बसायचं. होतं, पण कोणीही खुशीने करत नाही.

अर्थिंग

रिकाम्या नळ्या! कोणीतरी बोललं एकदाचं. वायरमन आहे, माझी भर:

प्रत्येक खोलीतून मुख्य बोर्डापर्यंत एक जादा रिकामी नळी, आत ओढायची तार घालून दोन्ही टोकं झाकण लावून ठेवा. मुख्य बोर्डात निदान चौथा हिस्सा जागा मोकळी ठेवा. गच्चीवरून एक नळी खाली आणि गाडी लावायच्या जागेपर्यंत एक. आज ज्याचं नावही कोणाला माहीत नाही असं काहीतरी दहा वर्षांत येणार आणि त्याला वीज लागणार. प्लग जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या वर घ्या, बटणं १ मीटरच्या आसपास. वाकावंही लागत नाही आणि बसून हातही पोचतो. जिन्याला आणि पॅसेजला दोन्ही टोकांना बटण. कमोडच्या बाजूला एक प्लग द्या, आज हसाल. वीज गळली की पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं गळती-सुरक्षा स्विच बाथरूमच्या लाइनला हवंच, त्यावर चर्चा नाही.

आणि भिंती बुजवायच्या आधी फोटो काढा. नुसते फोटो नकोत, भिंतीला टेप लावून फोटो. कोपऱ्यापासून नळी किती, जमिनीपासून किती, हे फोटोत वाचता यायला हवं. एका घरात मागच्या वायरमनने नळ्या तिरक्या नेल्या होत्या, सरळ रेषेत कुठेच नव्हत्या. तिथे खिळा ठोकणं म्हणजे नशीब आजमावणं. कुठून गेल्यात ते त्यालाच माहीत, आणि तो फोन उचलत नाही.

चालता_बोलता

अर्थिंग यांच्या यादीत प्रकाश घाला. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडतं. म्हणून दिवे जास्त हवेत, पण डोळ्यात घुसणारे नकोत. पलंगापासून कमोडपर्यंतच्या वाटेवर पायाच्या उंचीवर मंद दिवे, माणूस हलला की लागणारे. त्यासाठी पॉइंट आत्ताच काढून ठेवा.

सावली_अ

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. सगळं वहीत उतरवतेय. बाथरूमबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा ना. ओल तिथूनच आली आहे आणि सासूबाईंची सगळ्यांत मोठी धास्ती तीच खोली आहे.

ओळंबा

माझ्या मते दाराला सगळ्यांत जास्त महत्त्व आहे आणि लोक सगळ्यांत शेवटी बघतात ते दारच. बाथरूमचं दार आत उघडणारं असू नये. आत माणूस पडला की दारालाच टेकून पडतो आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं करा किंवा वरून टांगलेलं सरकतं, ज्याला जमिनीवर पट्टी लागत नाही. कडी अशी की बाहेरून नाण्याने फिरवता येईल.

उंबरठा नको. नवीन स्लॅबमध्ये बाथरूमचा भाग खाली घेता येतो आणि सगळं उताराने जमतं. तुमच्या वरच्या बाथरूममध्ये स्लॅब सपाट असेल तर ते अवघड आहे, नळ झाकायला फरशी उचलावी लागते आणि पायरी येतेच. खालची खोली मात्र मातीच्या भरावावर आहे. तिथे भराव खणून नळाची पातळी हवी तेवढी खाली नेता येते. म्हणून बिनपायरीचं बाथरूम करायचं तर खालीच करा. उतार पन्नासाला एक, पाण्याची जाळी भिंतीलगत लांबट. वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी लावायच्या आधी पाणी भरून निदान एक पूर्ण दिवस ठेवायचं. 'गरज नाही साहेब, आमचं काम आहे' असं जो म्हणेल त्याच्याकडे दोन दिवस ठेवायचं.

चालता_बोलता

आधाराच्या दांड्या आज लावायच्या नसल्या तरी जागा आज ठरवा. विटांची भरीव भिंत असेल तर दांडीचा अँकर बोल्ट नीट धरतो. पोकळ ब्लॉक किंवा बोर्डाची भिंत असेल तर लादीमागे जाड प्लायवूड नाहीतर लोखंडी पट्टी टाकून घ्या, कमोडच्या बाजूला, मागे आणि शॉवरखाली, जमिनीपासून ७० ते १०० सेंटिमीटरच्या पट्ट्यात. दांडी ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीची, म्हणजे मूठ बंद होते.

एक गंमत बघा. माणूस घसरला की हात जातो टॉवेलच्या दांडीवर. ती दोन बारीक स्क्रूंवर असते. तेव्हा टॉवेलची दांडीच आधाराच्या दांडीसारखी मजबूत लावा. वरचा_मजला यांनाही चालेल, दिसायला टॉवेलचीच.

वरचा_मजला

चालेल. दोन लावा.

नदीकाठ

दांडीचा रंग लादीपेक्षा वेगळा ठेवा, एवढंच.

जुनेजाणते

या सगळ्यात घरात शिरायचं कसं ते राहिलंच. बाहेरच्या पायऱ्यांचं काय? आमचा जोता उंच आहे, आणि मी तो कमी होऊ देणार नाही. पाणी शिरतं.

ओळंबा

काका, बरोबर आहे, जोता कमी करायचाच नाही. पण हिशेब बघा. जोता ६० सेंटिमीटर असेल तर बाराला एक या उताराने ७ मीटर २० सेंटिमीटरचा उतार लागतो, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. म्हणजे दहा मीटरच्या वर. बहुतेकांकडे समोर एवढी जागा नसते म्हणून तो उभा करून मोकळे होतात आणि मग तो घसरगुंडी होतो. बाजूने वळवून नेता येतो, किंवा अंगणातली पायवाटच हळूहळू उंच नेत दारापर्यंत आणायची, विसाला एक. त्याला १२ मीटर लागतात पण तो उतार वाटतच नाही, बागेतली वाट वाटते. दारासमोर छप्पर आणि आडवी जाळीची गटार मात्र हवी, पायरी नसली की पावसाचं पाणी थेट आत बघतं.

सुरवंट

बाराला एक ही शेवटची मर्यादा आहे. ओल्या हातांनी एकट्याने चढून बघा. विसाला एक जमत असेल तर तेच करा. आणि जमत नसेल तरी निदान एक दार बिनपायरीचं ठेवा, मागचं, गाडीकडचं, कुठलंही. अमेरिकेत अटलांटामध्ये एलेनॉर स्मिथ यांनी १९८७ पासून हीच चळवळ चालवली: एक बिनपायरीचं दार, आतली दारं रुंद, खाली एक संडास. तिथे राहणाऱ्यासाठी नव्हे, भेटायला येणाऱ्यासाठी. माझ्या बहुतेक मित्रांची घरं मी बाहेरूनच पाहिलीत.

भिंगरी

हा प्रतिसाद वाचून नवऱ्याला दाखवला. आमचा वाद तिथेच बदलला, मिटला नाही, पण बदलला.

कौलारू

एक विरोधी सूर लावतो. तीस वर्षांची आखणी करायची म्हणजे थोडं भविष्य सांगण्यासारखं आहे. तीस वर्षांत घर विकावं लागू शकतं, एकटं पडू शकतं, अंगण आणि बाग झेपेनाशी होऊ शकते. सगळं घर म्हातारपणासाठी सज्ज केलं आणि रोज सामान आणायला कोणी नाही, दवाखाना लांब, बोलायला शेजारी नाही, तर रुंद दारांतून जायचं कुठे? सावली, घरावर जीव टाकण्याआधी ही जागा सत्तरीत राहायला बरी आहे का हे एकदा विचारा.

सावली_अ

कौलारू, विचारला होता हा प्रश्न आम्ही एकमेकांना. बस पायी अंतरावर आहे, दवाखाना आहे आणि शेजारी तर इतके जवळ की हा धागाही त्यांना माहीत असेल. जागा राहते.

बाकी इंजिनिअरबाई येऊन गेल्या. स्लॅबचा एक पट्टा खराब आहे, बाथरूमखालचा, बाकी काँक्रीट छान गुलाबी निघालं. नवरा त्या गुलाबी रंगाचे फोटो सगळ्यांना पाठवतोय. तेव्हा पाडायचं नाही. खालच्या मागच्या खोलीला पूर्ण बाथरूम, बिनपायरीचं, रुंद दाराचं. ती आत्ता आईंची. आम्ही वरच झोपणार, जोवर झोपवेल तोवर. वरचं बाथरूम फक्त गळती काढून साधंच करायचं, त्यावर फार जीव टाकायचा नाही. लिफ्टचं भोक पाडत नाही, जुन्या स्लॅबला हात लावायला बाई तयार नाहीत. जिन्याच्या एका बाजूला पुढे कधी विजेवर वर-खाली सरकणारी खुर्ची बसवता येईल एवढी रुंदी आहे म्हणे, तिथे अर्थिंग यांची रिकामी नळी जाईल.

लादीचा तिढा बाकी आहे. जुनी काढायची म्हटलं तर ठेकेदार तोंड वाकडं करतो.

ओळंबा

काढाच. पायऱ्यांचं वर लिहिलंय. शिवाय जुन्या लादीवर नवी म्हणजे जुन्या स्लॅबवर आणखी वजन, आणि सगळ्या दारांचे तळ तासायचे. तोंड वाकडं करू दे.

वरचा_मजला

आईने विचारलंय की खालच्या खोलीची खिडकी खाली घेता येईल का, पलंगावर बसून रस्ता दिसेल अशी. आत्ता खिडकीची खालची कड तिच्या डोळ्यांच्या वर येते.

ओळंबा

चौकटीखालची भिंत काढायची असते, वरची लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, तशीच राहते, म्हणून खिडकी खाली घेणं सोपं. रुंद करणं अवघड. ६० सेंटिमीटरवर कड घ्या, आतून गज लावा. इंजिनिअरबाईंना मात्र दाखवून घ्या, भिंत भार घेणारी असेल तर.

बिनीचा_शिलेदार

उशिरा आलो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी काय करावं? भोक पाडायला परवानगी नाही, आणि वडील माझ्याकडे राहायला येताहेत.

अर्थिंग

प्लगमध्ये लावायचे रात्रीचे दिवे. वाटेवर तीन-चार लावा. मोकळ्या वायरी जमिनीवरून नेऊ नका.

चालता_बोलता

कमोडभोवती उभी राहणारी मोकळी चौकट मिळते, भोक लागत नाही. शॉवरखाली पाठ असलेली, पायांना रबर लावलेली खुर्ची. निसटती पायपुसणी उचलून टाका. रबरी पेल्यांनी लादीला चिकटवायच्या दांड्या मात्र भरवशाच्या नाहीत, सांध्यावर किंवा ओल्या लादीवर हवा शिरली की न सांगता सुटतात.

सुरवंट

दार अरुंद असेल तर बिजागऱ्या बदला. बाहेर वळणाऱ्या बिजागऱ्या येतात, त्या पल्ला पूर्णपणे चौकटीच्या बाहेर नेतात आणि पल्ल्याच्या जाडीएवढी, चारेक सेंटिमीटर, जागा मोकळी होते. जुन्या बिजागऱ्या डब्यात ठेवायच्या, घर सोडताना परत लावायच्या. वडील वॉकर वापरतात का? वापरत असतील तर आधी वॉकरची रुंदी मोजून सांगा, मग दाराचं बघू.

बिनीचा_शिलेदार

वापरतात. आज रात्री मोजून लिहितो.